खुलासा मागवला आहे

शहागंज, छत्रपती संभाजीनगर
९ फेब्रुवारी २०२५

इवाईसाहेब कडुबाजी मगरे यांस,
अप्पाराव हिवराळेचा सप्रेम जयभीम. मालनबाईंनाही सांगा.

फोनच केला असता, पण मागच्या खेपेला मी तब्येत विचारली आणि तुम्ही सांगितलं की गहू यंदा बरा आहे. कानाचं मशीन तुम्ही कपाटात जपून ठेवता, ते कपाटात खराब होत नाही हे खरं, पण त्यापायी मला शाई घालवावी लागते. असो. आज जे लिहितोय ते तुम्ही एकट्यानं वाचायचं. कोणाला दाखवायचं नाही.

मागच्या सोमवारी माझ्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात दोन माणसं एक्झॉस्टचा जळालेला पंखा घेऊन आली. पस्तीस वर्षं मी जळालेल्या मोटरी उघडतोय. इथंच फुटपाथवर पोतं टाकून सुरुवात केली तवा माझ्याकडं मीटरसुद्धा नव्हतं, नुसत्या आवाजावर बेअरिंग ओळखायचो. मोटर पाण्यानं गेली की तिची तऱ्हा वेगळी, व्होल्टेजनं गेली की वेगळी. ही आतून खाल्लेली होती. तांब्याची तार हिरवी, वॉर्निश उडालेलं, स्क्रू चिमटीत धरला तर भुगा. असली मोटर मी आजवर दोनदाच पाहिली, दोन्ही केमिकल कंपनीतल्या. मी हसत म्हटलं, "काय राव, तेजाबात धुता का काय हिला?" त्यातला एक म्हणाला, "चाचा, काम करो, सवाल मत करो." बरं म्हटलं. मग पंखा पोचवायचा पत्ता त्यानं लिहून दिला, आणि तो मी चष्मा लावून पुन्हा वाचला. पत्ता तुमच्या प्लॉटचा होता. पुढच्या दोन खोल्यांत तुमचा सुयश आणि माझी सरिता राहतात, आणि मागच्या पत्र्याच्या शेडात तुमचे भाडेकरू प्रणयशेठ कपडे धुवायची पावडर भरतात, तोच प्लॉट.

पंखा मी स्वतः नेऊन दिला. पोरीला भेटायचं निमित्त होतंच, सहावा महिना लागलाय तिला. शेडच्या दारातच पंखा घेतला त्यांनी, आत पाऊल टाकू दिलं नाय. मीही टाकलं नाय. सरिताच्या ओट्यावर चहा पीत बसलो आणि ऐकत राहिलो. पावडर भरायचं काम असलं की पिशव्या सील करायचं मशीन वाजतं, पोती ओढल्याचा आवाज येतो, माणसं एकमेकांवर ओरडतात. तासाभरात त्यातलं काही नाही. नुसते तीन पंखे, पुऱ्या जोरावर, आणि मधूनच काचेला काच लागल्यासारखं. खिडक्यांना आतून काळा रंग. दारावर पाटी नाही, पण गल्लीकडं तोंड केलेले दोन कॅमेरे. मोरी जिथं निघते तिथला कढीपत्ता वाळून काडी झालाय. सरिता म्हणते, वास कधी नखाचा रंग पुसायच्या औषधासारखा येतो, कधी मांजर मुतल्यासारखा. सरिता म्हणते, निळे ड्रम येतात त्यांच्यावरची चिठ्ठी खरवडलेली असते. सरिता म्हणते, ती पोरं बिडी ओढायला गल्लीच्या टोकाला जातात, शेडजवळ काडी पेटवत नाहीत. आणि सहा महिन्यांत पावडरीचं एक पोतं तिनं बाहेर पडताना पाहिलं नाही.

इवाईसाहेब, ही पावडर कपडे धुवायची नाही. हा नशेचा माल आहे.

माझे एक गिऱ्हाईक आहेत, सर्जेराव, निवृत्त हवालदार. नाव-गाव न सांगता त्यांना विचारलं. ते म्हणाले, "डोकावू नका, फोटो काढायला जाऊ नका, कशाला हात लावू नका. दुरून जे दिसलं ते, येण्याजाण्याच्या वेळा, गाडीचा नंबर, एवढं लिहा आणि १९३३ ला, नशेच्या मालाची खबर घेणाऱ्या सरकारी नंबराला, फोन लावा. नाव सांगायची सक्ती नाही. आणि जागामालकाला बिलकूल कळू देऊ नका."

शेवटचं सोडून सगळं ऐकलं मी. जागामालक तुम्ही आहात. पोरीच्या सासऱ्याच्या दारात पोलीस पाठवायचे आणि त्यालाच पत्ता नाही, असं माझ्यानं व्हायचं नाय. लग्नात आपण मानपान ठेवला नाही, दोन्ही घरं सारखी म्हणून स्टेजवरून सांगितलं, पंचशील म्हटलं. त्यातलं पाचवं शील कशाबद्दल आहे ते तुम्हांला मी काय सांगावं. तरीपण मी पोरीचा बाप आहे आणि ते ओळखून वागतो. आठ दिवस वाट पाहतो. तुमचं उत्तर आलं की फोन लावतो. तोवर सरिताला इकडं घेऊन येतो.

आपला,
अप्पाराव


पिशोर, ता. कन्नड
दि. १४/०२/२०२५

प्रति,
श्री. अप्पाराव हिवराळे

विषय: मागील बाजूच्या शेडबाबत.
संदर्भ: आपले दि. ९ चे पत्र.

सप्रेम जयभीम.
पत्र पोचले. दोनदा वाचले. बत्तीस वर्षे ग्रामसेवक म्हणून काढली, त्यात निनावी अर्ज फार वाचले. आपला अर्ज नावानिशी आहे, हे आपल्याला शोभते.

मात्र पंख्याच्या आवाजावरून माणसाला गुन्हेगार ठरवण्याची तरतूद माझ्या वाचनात नाही. प्रणयशेठ सभ्य गृहस्थ आहेत. आधारकार्डाची झेरॉक्स दिली आहे. दिवाळीला पिशोरला येऊन मालनबाईंच्या पाया पडले. आपला सुयश आईच्या पाया पडायला आला नव्हता, त्याला सुटी नव्हती.

दुसरे. सदर शेड गुंठेवारीत नियमित झालेले नाही. नकाशात तिथे मोकळी जागा आहे. पोलीस आले की मागून मोजणीवाले येतात, आणि ते आले की शेडच नव्हे, पुढच्या दोन खोल्याही टेपाखाली येतात. निवृत्तीनंतर मी तेवढे एकच उभे केले. लोकांच्या घरांचे उतारे देण्यात आयुष्य गेले, स्वतःचे घर अनधिकृत निघाले असे माझ्याबाबत होऊ नये. आपल्या लेकीच्या डोक्यावरचे छप्परही तेच आहे, हे नम्रपणे निदर्शनास आणतो.

तिसरे. सूनबाईंचे डोहाळजेवण दि. २ मार्च रोजी त्याच घरी ठेवले आहे. निरोप गेले आहेत. त्याआधी त्या माहेरी गेल्या तर लोक काय ते समजतील. तरी त्यांना हलवू नये, व फोनही लावू नये. मी रीतसर चौकशी करतो.

आपला,
कडुबा मगरे


शहागंज
१९ फेब्रुवारी २०२५

इवाईसाहेब, जयभीम.

तुमचं पत्र केसरबाईनं वाचलं आणि मला म्हणाली, "तुम्ही इवायाला गटार तुंबल्याचा अर्ज केला होता का?" मी तिला गप्प केलं. बायामाणसांचं बोलणं म्हणून सोडून द्या, पण मी काही सोडलेलं नाही.

रविवारी पुन्हा जाऊन आलो. सरिताचं डोकं सकाळपासून दुखतं, डोळ्यांतून पाणी जातं. पहिल्या महिन्यात नव्हत्या एवढ्या उलट्या आता होतात. डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, "घराजवळ रंगाचा कारखाना आहे का हो?" ती नाही म्हणाली. सासऱ्यांची जागा आहे, काय सांगणार.

सुयशला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, "पप्पांचे भाडेकरू आहेत, पप्पा बघतील." लई गुणी पोरगं आहे. तुमच्या शब्दाबाहेर नाय. मला त्या वेळी त्याचं कौतुक वाटावं का राग यावा, कळलं नाही.

तुम्ही छपराचं लिहिलंत ते मला समजतं. फुटपाथवर दुकान मांडलेल्या माणसाला मोजणीवाल्यांची भीती शिकवावी लागत नाही. आणि डोहाळजेवणाचा निरोप सगळ्या पाहुण्यांना गेलाय, तो मोडला तर तुमच्याकडं बोट जाईल, तेही समजतं. म्हणून एवढं मान्य करतो: २ तारखेचं जेवण होऊ द्या. त्याच दिवशी संध्याकाळी पोरीला घेऊन येतो आणि ३ तारखेला फोन लावतो. तुमचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही.

केसरबाई ऐकत नव्हती, पोरीची आई ती. तिला म्हटलं, दहा-बारा दिवसांनी काय फरक पडतो.

तुम्ही फक्त एक करा. चौकशी करू नका. त्या माणसांशी हवापाण्याच्या पलीकडं एक शब्द नको. असली माणसं धंदा बुडाला तर दुसरा मांडतात, पण कोणी बोललं हे कळलं तर त्याचं तोंड शोधत येतात.

अप्पाराव


पिशोर
दि. २२/०२/२०२५

विषय: चौकशी पूर्ण झाल्याबाबत.

सप्रेम जयभीम.
आपले १९ चे पत्र आज मिळाले, तोवर चौकशी पूर्ण झाली होती.

दि. १७ रोजी मी स्वतः बसने शहरात जाऊन प्रणयशेठ यांना लेखी नोटीस बजावली. आपल्या ९ तारखेच्या पत्राची झेरॉक्स सोबत जोडून सात दिवसांत खुलासा मागवला. कोणाला दाखवू नका असे आपण लिहिले होते. परंतु तक्रार काय आहे हे समजल्याशिवाय माणूस खुलासा करणार कसा? नोकरीत असताना ज्याच्याविरुद्ध अर्ज त्याला अर्जाची प्रत, हा नियम मी सरपंचाच्या बाबतीतही मोडला नाही.

खुलासा दुसऱ्याच दिवशी आला. टाईप केलेला आहे. वास पावडरीच्या सुगंधी द्रव्याचा आहे, खिडक्या धुळीसाठी बंद आहेत, कढीपत्ता उन्हाने गेला. सर्व मुद्द्यांची उत्तरे क्रमाने दिली आहेत. इतका व्यवस्थित खुलासा आमच्या खात्यातही मी पाहिला नाही.

बोलण्यातही माणूस मोकळा आहे. आपल्याबद्दल आदराने चौकशी केली. मला ऐकू कमी येते हे पाहून प्रश्न पाटीवर लिहावेत तसे कागदावर लिहून दिले: दुकान शहागंजात नेमके कुठे, भाभीजी दिवसभर घरी एकट्याच असतात का, अजून कोणाला हे पत्र माहीत आहे का. मी सर्व माहिती दिली. लपवण्यासारखे आपल्याकडे काय आहे?

सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. २ तारखेला सहकुटुंब यावे.

कडुबा मगरे


शहागंज
२४ फेब्रुवारी, सकाळ

सरू,
ही चिठ्ठी आई घेऊन येतेय. वाच आणि आईच्या हातात परत दे.

काल तू फोनवर म्हणालीस की मागचे टेम्पोत सामान भरतायत, आणि तो प्रणय दारात येऊन म्हणाला, "भाभीजी, आपके पापा की राइटिंग बहुत अच्छी है." त्यावर मी हसलो आणि म्हणालो, असेल काहीतरी. हसलो ते तुला भीती वाटू नये म्हणून. तुझ्या सासऱ्यांचं पत्र काल दुपारीच कन्नडच्या बसनं आलं होतं. माझं पत्र त्यांनी त्या माणसाला नेऊन दिलं, तुझ्या नावासकट.

आता निघ. कपडे घेऊ नको, फाइल आणि गोळ्या तेवढ्या घे. कोणी विचारलं तर आईबरोबर सोनोग्राफीला चाललीय म्हण. डोहाळजेवणाचं नंतर बघू.

मी आज १९३३ ला फोन लावला. बाईमाणूस होतं पलीकडं, शांतपणे सगळं लिहून घेतलं. नाव विचारलं नाही. एवढंच विचारलं, "हे तुमच्या लक्षात कधी आलं?" मी म्हटलं, काही दिवस झाले.

सुयशला नीट सांग. शेड रिकामं झालं म्हणजे काम संपलं, असं नाही. आत जे राहिलंय त्याच्याजवळ जायचं नाही, ड्रम हलवायचा नाही, पाणी मारायचं नाही. दारसुद्धा उघडायचं नाही. माणसं येतील, त्यांच्याकडं त्याचं सामान असतं, ती करतील. त्याला ड्यूटी सोडवत नसेल तर कंपनीतून मित्राकडं जाऊन झोप म्हणावं.

अप्पा


पिशोर
दि. २५/०२/२०२५

चि. सुयश यास,
आशीर्वाद.

फोनवर मी बोलेन पण तू काय म्हणतोस ते मला समजणार नाही, आणि मोबाईलवर लिहू नये असे वाटते. कन्नडच्या बसचे ड्रायव्हर ओळखीचे आहेत, त्यांच्या हाती हे पत्र आणि शेडची चावी पाठवत आहे. प्रणयशेठ यांनी जागा सोडली व चावी कुरिअरने पाठवली. त्यांचा मोबाईल लागत नाही.

तुझ्या सासऱ्यांनी वर कळवले असावे. माणसे केव्हाही पाहणीस येतील. उद्या महाशिवरात्रीची तुला सुटी आहे. सकाळी शेड उघडून साफ करून घे. सात-आठ ड्रम राहिले असतील ते मागच्या नाल्यात रिकामे कर. फरशी धुऊन घे. गल्लीत वास जाऊन चर्चा नको, तरी काम करताना दार आतून लावून घे.

रिकामी, धुतलेली जागा दिसली की पाहणाऱ्याला शेरा मारायला काही उरत नाही. एवढे केलेस की आपल्यावर काही येत नाही.

सूनबाई माहेरी गेल्याचे कळले. त्यावर नंतर बोलू.

तुझे,
पप्पा

पत्र वाचून फाडून टाक.


पिशोर
दि. ०८/०३/२०२५

अप्पाराव,
विषय काय लिहावा ते सुचत नाही.

कालच दवाखान्यातून आलो. सुयशचा उजवा डोळा गेला आहे. डाव्याचे पंधरा दिवसांनी सांगतील. छातीचे काय म्हणाले ते मला ऐकू आले नाही, मालनबाईंनी कागदावर लिहून दाखवले. तिने दोनच शब्द लिहिले: "जिना नाही." म्हणजे जिना चढता येणार नाही, असे. मी आधी हिंदीतला 'जीना' समजलो.

पथकाचे लोक त्या दिवशी दुपारी आले म्हणून तो सापडला. दार आतून लावलेले होते, ते तोडावे लागले. दोन ड्रम त्याने नाल्यापर्यंत नेले होते. तिसरा तिथेच फरशीवर सांडला, असे म्हणतात. तुमचा फोन झाला नसता तर तो तिथेच राहिला असता. हे मी मान्य करतो.

आता खाटेशेजारी शिपाई बसवला आहे. प्रणय सापडत नाही, आधारकार्ड दुसऱ्याचेच निघाले. सापडला तो सुयश, पुरावा धुताना. पोलीस विचारतात, आत जायला कोणी सांगितले? तो म्हणतो, "माझा मी गेलो." तीनदा विचारले, तीनदा तेच.

माझे पत्र त्याच्या शर्टाच्या खिशात होते. त्याने ते फाडले नव्हते. आयुष्यात माझा एवढा एकच शब्द त्याने मोडला. अंगावरचे कपडे दवाखान्याने सूनबाईंच्या ताब्यात दिले आहेत. ते पत्र माझ्याकडे परत यावे, एवढी व्यवस्था करा. माझे वय सदुसष्ट आहे. आणि मी आत गेलो तर सुयशला काय मिळेल? त्याचा डोळा परत येईल का?

आपली दोन पत्रे माझ्याकडे आहेत. दुसऱ्या पत्रात ३ मार्चपर्यंत थांबण्यास आपण मान्यता दिली आहे. मी ती कोणाला दाखवणार नाही. आपणही समजून घ्याल.

कडुबा


शहागंज
१२ मार्च २०२५

सरू,
तुझा फोन बंद आहे. दवाखान्यात आलो तर तू आईला आत घेतलंस आणि मला बाहेर बसवलंस. चार तास बाकड्यावर बसलो. एक शिपाई ओळखीचा निघाला, त्याच्या घरची मोटर मी बांधली होती, त्यानं चहा पाजला. चहा पिता पिता त्यानं विचारलं, "चाचा, तो खबर देणारा कोण असंल हो? देव माणूस." मी कप परत दिला.

तुझ्याकडं तुझ्या सासऱ्यांचं एक पत्र असेल. सुयशच्या खिशातलं. ते दे म्हणत नाही मी, फाड म्हणत नाही. फक्त घाई करू नको. वकील बघू. सुयशची तब्येत सुधरू दे. बापाला आत घातलेलं त्याला रुचेल का, याचा विचार कर. तू त्या घरात नांदणार आहेस.

हे लिहिलं आणि दोन तास कागद तसाच ठेवला. आता खरं लिहितो. ते पत्र बाहेर आलं तर माझीही पत्रं बाहेर येतात. मला ३ फेब्रुवारीला कळलं होतं आणि मी २४ ला फोन केला. मधले दिवस मी इवाई राखत होतो. गिऱ्हाइकाच्या नुसत्या पावलांवरून तो पैसे देणार का बुडवणार ते मी ओळखतो, असं लोक म्हणतात, आणि मीही ते लई वर्षं ऐकून घेतलं. कडुबा नोटीस काढील, हे मला ओळखता आलं नाही. खरं म्हणजे सर्जेरावांनी सांगितलं होतं, ओळखायची गरजच नव्हती.

बाळाचं काय म्हणाले ते आईला विचारलं तर तिनं सांगितलं नाही. एवढं तरी कळव.

अप्पा


दवाखाना, तिसरा मजला
१५ मार्च २०२५

अप्पा आणि मामा,
दोघांना एकच पत्र लिहितेय. वेगवेगळं लिहिलं तर तुम्ही पुन्हा एकमेकांना विचारणार, तुला काय लिहिलं आणि मला काय.

परवा मी जबाब दिला. मामा, तुमचं पत्र दिलं. शर्ट सुकल्यावर त्याचा कागद एका बाजूनं विरून गेलाय, पण "दार आतून लावून घे" एवढं नीट वाचता येतं. अप्पा, तुमच्या दुकानाच्या ड्रॉवरमधली पत्रं आईनं आणून दिली. तिला मी मागितली नव्हती. तुमचं पहिलं पत्र मात्र त्यांच्याकडं आधीपासूनच होतं. झेरॉक्स शेडातच पडली होती. साहेबांनी माझ्यासमोर ठेवली. त्यात "सरिता म्हणते" तीन वेळा आहे आणि तिन्ही ठिकाणी कोणीतरी लाल पेनानं खाली रेघ मारलीय.

मामा, तुम्ही आत गेलात तर यांचा डोळा परत येणार नाही, हे खरं आहे. पण यांच्या खाटेजवळचा शिपाई उठेल. मला तेवढंच पाहिजे होतं. यांना सांगितलं तेव्हा यांनी तोंड भिंतीकडं केलं. काल म्हणाले, "पप्पांना कानाचं मशीन घेऊन जायला सांग. तिथं कोणी कागदावर लिहून देणार नाही." तेवढंच बोलले.

मीही काही मोकळी नाही. तो नंबर मलाही माहीत होता. बसस्टॉपवर पाटी आहे, यांना कंपनीच्या बसपर्यंत सोडायला जाताना रोज वाचायचे. अप्पा, तुम्ही म्हणालात थांब, मी थांबले. तुम्हांला सासऱ्यांचा मान होता, सासऱ्यांना नियम होता, यांना बाप होता, मला तुम्ही होतात. श्वास मात्र घरात मी आणि हे घेत होतो.

बाळाचे ठोके ठीक आहेत. बाकीचं जन्मल्यावर कळेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या रोज विचारतात, किती दिवस तो वास घेतलास? मी सहा महिने सांगते. मग त्या लिहून घेतात आणि माझ्याकडं बघत नाहीत.

यांना सोडलं की आम्ही इथंच जवळ तळमजल्याची खोली बघतोय. पिशोरला येणार नाही, शहागंजलाही नाही. आई येऊन-जाऊन राहील. कोणी भेटायला येऊ नका. पैसे, फळं काही पाठवू नका. पत्रही नको.

जबाब संपताना साहेबांनी एकच गोष्ट दोनदा विचारली. "३ फेब्रुवारीला तुमच्या वडिलांना कळलं, १४ ला सासऱ्यांनी उत्तर दिलं, २४ ला फोन झाला. एकवीस दिवस. फोन करायला दोन मिनिटं लागतात. मधे नेमकं काय चाललं होतं?"

मी म्हटलं, "मोठी माणसं एकमेकांना पत्रं लिहीत होती."

त्यांना वाटलं मी चिडून बोलतेय. पण त्यांनी ते वाक्य जबाबात तसंच घेतलं, आणि वाचून दाखवून विचारलं, "यात काही बदल करायचा आहे?"

मी नाही म्हटलं आणि सही केली.

सरिता